लुंडीनबाईंचा मंगळवार

आर्विला लुंडीन ही पैजा लावणाऱ्यांतली बाई नव्हती. माहेर कडक लुथरन; घरात पत्त्यांचा जोड आणला म्हणून तिच्या वडिलांनी थोरल्या जावयाशी दोन वर्षं अबोला धरला होता. तरी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिनं नवऱ्याशी पैज लावली, आणि तीही एका गंजक्या चाकूवरून.

नवरा एमेट हा शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. केलर्स फोर्क गावात त्याच्याविषयी वाईट बोलणारा माणूस सापडला नसता, कारण एमेट कुणाला नाही म्हणत नसे. विशेषतः जुना माल विकणाऱ्यांना. दर शनिवारी सकाळी तो शेतकरी मंडळाच्या मैदानावरच्या जुन्या मालाच्या बाजारात जायचा आणि दुपारी उजव्या खिशावर हात दाबून, जणू काही कमरेत उसण भरली आहे अशा चालीनं परत यायचा.

"काय आणलंस?" आर्विला ओट्याशी पाठमोरी उभी राहूनच विचारायची.

"काही नाही."

"काही नाहीचं पातं किती इंचांचं आहे?"

मग एमेट खिशातून घडीचा चाकू काढून टेबलावर ठेवायचा. कधी हाडाच्या मुठीचा, कधी हरणाच्या शिंगाच्या, कधी सेल्युलॉइडच्या, पिवळा पडलेला. असे दोनशे दहा चाकू घरात होते. बिस्किटांच्या डब्यांत, मोज्यांच्या खणात, आणि एकदा तर मैद्याच्या बरणीत.

त्या शनिवारी आणलेल्या चाकूच्या बुंध्यावर, म्हणजे पातं मुठीत शिरतं तिथं, बारीक अक्षरांत कोरलं होतं: पेटंट, ४ जुलै १९०५.

आर्विलानं चष्मा पुसून ते वाचलं आणि तिचा चेहरा खुलला. "एमेट, गंडवलं तुला. हा नकली आहे."

"कशावरून?"

"चार जुलै! देशाचा वाढदिवस. त्या दिवशी सरकारी कचेरीचा पहारेकरीसुद्धा फटाके बघायला गेलेला असतो. पेटंटावर शिक्का मारला कुणी, कबुतरांनी? एकतीस वर्षं मी टपालाच्या खिडकीत बसले आहे. सरकारी सुट्टी मला शिकवू नकोस."

"आणि खरा निघाला तर?"

"तर तुझे सगळे चाकू माझ्या काचेच्या कपाटात ठेवीन, आईच्या बशा काढून. आणि नकली निघाला तर वर्षभर बाजाराचं तोंड बघायचं नाही."

एमेटनं जरा विचार केला. वर्षभर म्हणजे बावन्न शनिवार. पण बायकोच्या डोळ्यांत इतकी खात्री त्यानं लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितली नव्हती, आणि ती खात्री चुकलेली बघायची संधी नवऱ्याला जन्मात किती वेळा येते? त्यानं हात पुढं केला.

आर्विलाची बहीण बफेलोला राहायची. तिच्याकडे जायचं निमित्त करून आर्विला तिथल्या मोठ्या ग्रंथालयात गेली. पेटंटांचे सरकारी अंक तिथं वर्षावार बांधून ठेवलेले. एकेक खंड नुकत्याच जन्मलेल्या वासराएवढा जड. एकोणीसशे पाचचा खंड तिथल्या बाईनं ढकलगाडीवरून आणून दिला, आर्विलानं जुलै काढला, आणि तिथं ठसठशीत अक्षरांत छापलेलं होतं: ४ जुलै. खाली शेकडो पेटंटं. दूध घुसळायची यंत्रं, कोंबड्यांची खुराडी, कॉर्सेटचे बंद, आणि त्या सगळ्यांत तो चाकूही, चित्रासकट.

तिनं पान उलटलं, परत उलटलं. छपाईची चूक असेल म्हणून पुढचे अंक बघितले. अकरा जुलै, अठरा, पंचवीस. मागचे बघितले. सत्तावीस जून, वीस जून.

"अहो," तिनं ग्रंथालयातल्या बाईंना हाक मारली, "मधले दिवस कुठं गेले? पानं फाटली का?"

"मधले दिवस नसतातच," त्या बाई म्हणाल्या. "पेटंटं मंगळवारीच निघतात. शंभर वर्षांहून जास्त झाली. सण असो, सुतक असो, मंगळवार आला की निघालं. तुमचा चार जुलै त्या वर्षी मंगळवारी पडला असणार."

आर्विला घरी आली तेव्हा एमेट टेबलाशी बसून सूप पीत होता. तिनं कोट काढला, टोपी काढली आणि काचेच्या कपाटातून आईच्या निळ्या बशा एकेक करून खाली घ्यायला सुरुवात केली.

"अगं, काय झालं?" एमेटनं विचारलं.

"डोळे नाहीत का तुला? बशा काढते आहे."

एमेटनं सूपात पाव बुडवला आणि हसू लपवायला तोंड खाली घातलं. ते चांगलं पाच मिनिटं वर आलं नाही.

पैज हरली ती हरली, पण मंगळवार मात्र आर्विलाच्या डोक्यात बसला. टपाल कचेरीत तिनं एकतीस वर्षं रोज सकाळी तारखेचा शिक्का स्वतःच्या हातानं फिरवला होता. तारखा तिच्या नखात होत्या. शेतकऱ्यांच्या पंचांगात मागच्या पानावर कुठल्याही तारखेचा वार काढायचं कोष्टक असतं. ते तिनं कापलं, पुठ्ठ्यावर डकवलं आणि पर्समध्ये ठेवलं. मग कपाटातले चाकू पुसता पुसता ती एकेकाची तारीख वाचू लागली. मंगळवार असेल तर उजवीकडे. नसेल तर डावीकडे. तीन आठवड्यांत डावीकडे एकोणीस चाकू जमले, आणि एमेटचं हसू मावळलं.

"हा पाच जून अठराशे अठ्ठ्याण्णवचा," ती म्हणायची. "रविवार! त्या दिवशी वॉशिंग्टनात पेटंटं कोण वाटत होतं, पाद्री?"

हळूहळू तिला बाकीचंही कळू लागलं. पेटंटाची तारीख म्हणजे चाकूची जन्मतारीख नव्हे. चाकू त्या तारखेच्या आधीचा नाही एवढंच ती सांगते. त्यानंतर दहा वर्षांनी केला की पंधरा, ते कारखान्याच्या नावाच्या अक्षरांवरून, मुठीवरून, खिळ्यांवरून ओळखायचं. तारखेच्या जागी नुसता पेटंटाचा नंबर आला की समजायचं, चाकू बराच अलीकडचा. हे सगळं तिनं एका वहीत लिहून काढलं. नवऱ्याची खोड काढायला घेतलेलं काम कधी तिचंच होऊन बसलं, ते तिलाही कळलं नाही.

आमच्या खोऱ्यात चाकू जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी चर्चच्या तळघरात जमायचं. तीस-पस्तीस पुरुष, सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. आर्विला पहिल्यांदा गेली तेव्हा कुणीतरी अदबीनं म्हणालं, "लुंडीनबाई, कॉफीचं भांडं तिकडे कोपऱ्यात आहे."

"दिसलं," ती म्हणाली. "मला दोन चमचे साखर." आणि खुर्ची ओढून बसली.

मंडळाचे अध्यक्ष होते डॉक्टर हार्लन प्रुइट, गावातले दातांचे डॉक्टर. उंच, टापटीप, आणि चाकूसुद्धा दात बघायच्या छोट्या आरशानं तपासणारे. त्यांना आधी या बाईंची गंमत वाटली. पण वर्षभरात असं झालं, की बाहेरगावचा कुणी विक्रेता टेबल मांडून बसला आणि लांबून करड्या कोटातल्या लुंडीनबाई पर्स उघडत येताना दिसल्या, की तो दोन-चार चाकू उचलून हळूच खोक्यात टाकायचा. लोक तिला मागून 'मंगळवारबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं, मात्र कबूल केलं नसतं.

याच सुमाराला घरात मेजर आला. मेजर म्हणजे बीगल जातीचा कुत्रा. लांब कान, एक कान टोकाला फाटलेला, आणि डोळ्यांत असा भाव की जगानं आपल्यावर फार मोठा अन्याय केला असून त्याची भरपाई हॅमच्या तुकड्यांनी होऊ शकेल. एमेटनं तो डॉक्टर प्रुइटांकडून आणला होता. डॉक्टरांनी शिकारीसाठी घेतलेला, पण मेजरला सशांचं काहीच वाटत नसे.

"फुकट दिला?" आर्विलानं विचारलं होतं.

"एक जुना चाकू दिला त्यांना बदल्यात," एमेट म्हणाला. "वडिलांच्या सामानात सापडला होता."

"बरं झालं, एक चाकू तरी कमी झाला. पण हा तुझा पाहुणा सोफ्यावर चढणार नाही, सांगून ठेवते."

मेजर त्याच संध्याकाळी सोफ्यावर चढला आणि पुढची दोन वर्षं उतरला नाही.

एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या एप्रिलात मंडळाचं वार्षिक प्रदर्शन अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरलं. बंब बाहेर काढून आत टेबलं मांडलेली, दारात बायका गरम सॉसेज विकत होत्या. मधोमध डॉक्टर प्रुइटांचं काचेचं खोकं. निळ्या मखमलीवर एकच चाकू: आमच्याच गावातल्या, कधीच बंद पडलेल्या क्रॉनहोम कारखान्याचा. हाडाची मूठ, आणि पातं उघडताना नख मोडू नये म्हणून मुठीला दिलेला अर्धगोल काप. क्रॉनहोमचा तसल्या कापाचा, तारखेसकट शाबूत असा चाकू दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. बाजूच्या काउंटीतले लोकही बघायला आले होते.

डॉक्टरांच्या अंगात त्या दिवशी वारं शिरलं होतं. आर्विला समोर येताच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या, लुंडीनबाई! काढा तुमचं ते कार्ड. आमच्या राजाचीही परीक्षा होऊन जाऊ द्या."

त्यांनी खोकं उघडून चाकू तिच्या हातावर ठेवला. तिनं पातं अर्धं उघडलं. पेटंट, १२ ऑक्टोबर १९०७. पुठ्ठ्यावर बोट फिरलं. एकोणीसशे सातच्या ओळीवरून ऑक्टोबरच्या रकान्यात, तिथून बारावर.

इतक्यात एमेटनं तिच्या कोटाची बाही ओढली. त्याला भूक लागली असेल म्हणून तिनं बाही सोडवून घेतली.

"शनिवार," ती म्हणाली.

"पुन्हा बघा," डॉक्टर हसत म्हणाले.

तिनं पुन्हा बघितलं. एमेटनं टेबलाखालून तिच्या बुटावर बूट ठेवला. "पाय काढ रे," ती पुटपुटली आणि मान वर करून म्हणाली, "शनिवारच. डॉक्टर, वाईट वाटून घेऊ नका, पण हा ठसा खोटा आहे."

सॉसेज खाणाऱ्यांचे जबडे थांबले. डॉक्टरांचे कान आधी लाल झाले, मग गाल.

"हा चाकू मला कुणी दिला, माहीत आहे तुम्हाला?"

"कुणी का दिलेला असेना," आर्विला म्हणाली, "त्यानं तुम्हाला सरळसरळ टोपी घातली."

मग तिच्या लक्षात आलं की सगळी माणसं तिच्याकडे बघत नाहीत, तिच्या शेजारी बघताहेत. तिनं मान वळवली. एमेट छताकडे बघत उभा होता, जणू तिथं कोळिष्टकं मोजायचं काम त्याच्याकडे दिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर डॉक्टर लुंडीनांच्या दारात आले. एका हातात लिफाफा, दुसऱ्या हातात पट्टा.

"एमेट, तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण सौदा तो सौदा. हा तुझा चाकू. माझा कुत्रा दे."

एमेट कुणाला नाही म्हणत नसे. त्यानं मेजरला सोफ्यावरून उचललं, स्वतःच्या हातानं पट्टा अडकवला, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ओसरीत उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "जेवायला काय आहे, लुंडीनबाई?"

तेव्हापासून तो तिला लुंडीनबाईच म्हणू लागला. भांडला नाही, आवाज चढवला नाही. 'मीठ देता का, लुंडीनबाई?' 'गाडीत पेट्रोल भरलंय, लुंडीनबाई.' बेचाळीस वर्षांच्या संसारात आर्विलानं नवऱ्याचं घोरणं, तंबाखू आणि दोनशे दहा चाकू सोसले होते, पण हा मान तिला सोसेना.

आणि घर फार स्वच्छ झालं. सोफ्यावर केस नाहीत, दारावर पंजे नाहीत. चौथ्या दिवशी हॅम कापताना तिनं चरबीची कड वेगळी काढून मेजरच्या ताटलीत टाकली आणि मग ताटलीकडे बघत उभी राहिली. "मूर्ख बाई," ती स्वतःलाच म्हणाली.

एमेट तो परत आलेला चाकू खिशात घालून हिंडू लागला. धारेच्या दगडावर घासून त्यानं सफरचंदं सोलायला, तंबाखू कापायला सुरुवात केली. एका दुपारी तो झोपलेला असताना चाकू टेबलावर पडलेला होता. आर्विलानं भिंग घेतलं. नीट, सावकाश बघितलं.

कारखान्याच्या नावाची अक्षरं झिजलेली होती. आणि तारखेची अक्षरंही तितकीच झिजलेली होती. गंजाचा एक ओरखडा नावातून निघून थेट तारखेतून गेला होता. खोटा ठसा मागाहून मारतात. तो नवा, धारदार दिसतो. हा ठसा तर नावाबरोबरच सत्तर वर्षं कुणाच्या तरी खिशात झिजला होता. शिवाय, खोटेपणा करणारा माणूस एखादं मोठं नाव धरेल. आमच्या खोऱ्याबाहेर कुणी न ऐकलेल्या क्रॉनहोमच्या वाटेला कशाला जाईल?

हे सगळं तिला प्रदर्शनातच दिसायला हवं होतं. पण तिनं चाकू बघितलाच नव्हता. तिनं पुठ्ठा बघितला होता.

सोमवारी ती पुन्हा बफेलोला गेली. एकोणीसशे सातचा ऑक्टोबर. आठ तारखेच्या अंकात काही नाही. पंधरा तारखेच्या अंकात, एका बटाटे काढायच्या नांगराखाली, अर्धगोल कापाच्या मुठीचं चित्र: ऑटो क्रॉनहोम, केलर्स फोर्क, पेनसिल्व्हेनिया. आपल्या गावाचं नाव त्या जाडजूड ग्रंथात बघून तिला क्षणभर उगाचच ऊर भरून आल्यासारखं झालं. पंधरा, बारा नव्हे. म्हणजे ठसा कोरणाऱ्यानं पाचाचा दोन केला. पण कारखान्यातल्यानं केला, की मागाहून कुणी लबाडानं? कागद एवढंच सांगत होता. पुढचं सांगायला माणूस हवा होता.

क्रॉनहोममध्ये त्या काळी काम केलेलं एकच माणूस जिवंत होतं: टेकला ब्रास्क, वय अठ्ठ्याऐंशी, मुक्काम काउंटीचा वृद्धाश्रम. आर्विला वेलची घातलेला गोड पाव घेऊन गेली. टेकला खिडकीपाशी बसली होती. अंगानं वाळलेली, पण मान ताठ.

"तू टपालवाली," ती म्हणाली. "माझ्या भाचीचं पार्सल तू एकदा परत पाठवलं होतंस. दोरी नीट बांधली नाही म्हणून."

"नियम होता, टेकलाबाई."

"नियम! माझ्या भाचीला नाताळात मोजे मिळाले नाहीत. बरं, पाव काप. काय विचारायचंय?"

आर्विलानं चाकू तिच्या हातात दिला. टेकलानं डोळ्यांशी नेला नाही. पातं उघडलं, मिटलं. खट्. पुन्हा उघडलं, मिटलं. खट्. मग अंगठा बुंध्यावरून फिरवला आणि एकदम खो खो हसायला लागली, इतकी की परिचारिका डोकावून गेली.

"सुटला वाटतं एखादा! अगं, हा गुस्ताफच्या दोनाचा."

"कुणाच्या?"

"गुस्ताफ मुकादम. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. ठसा करणाऱ्याला त्यानं तारीख लिहून दिली, पंधरा. त्याचा पाच दोनासारखा दिसायचा. झालं, बारा कोरलं. मी तेव्हा पुसायच्या खोलीत होते, चाकू तेलानं पुसून कागदात गुंडाळायचे. मालकाच्या टेबलामागं पेटंटाचा कागद चौकटीत लावलेला. रोज जाता-येता दिसायचा. मी गुस्ताफला सांगितलं, की तिथं पंधरा आहे आणि इथं बारा. तर म्हणतो कसा, 'पोरी, फडक्यानं पूस, डोक्यानं पुसू नकोस.'"

"मग?"

"मग काय, मीही फडक्यानंच पुसले. तीन आठवडे. पाचशे-सहाशे चाकू झाले असतील. मग मालकानं स्वतः एक हातात घेतला!" टेकलानं डोळे पुसले. "काय बोलला तो गुस्ताफला! स्वीडिशमध्ये बोलला, आणि आम्ही सगळे तिकडचेच, म्हणून सगळ्यांना कळलं. उरलेले सगळे परत घ्यायला लावले आणि तारीख कानशीनं घासून काढायला लावली. तिथं थोडा खोलगट भाग राहायचा. थोडे आधीच गाडीत चढून गेले होते, ते गेले ते गेले."

"खोलगट भाग," आर्विला म्हणाली.

"बोटाला लागतो. तू पाव फार जाड कापतेस."

आर्विला घरी पोचली तेव्हा एमेट ओसरीत बसला होता. ती कोटासकट त्याच्यासमोर उभी राहिली.

"एमेट, तुझा तो अपंगांचा डबा कुठं आहे?" मोडके, घासलेले, कुणाला नको असलेले चाकू तो एका कॉफीच्या डब्यात ठेवायचा.

"कशाला हवाय, लुंडीनबाई?"

"आता एकदा लुंडीनबाई म्हणालास तर डबा तुझ्या डोक्यावर ओतीन. आण म्हणते ना!"

त्यानं आणला. तिनं जेवणाच्या टेबलावर तो उपडा केला, आणि दोघांनी वाकून एकेक चाकू चाचपला. एमेटनंच शोधला. तीच हाडाची मूठ, तोच अर्धगोल काप, एका बाजूला क्रॉनहोमचं नाव, आणि दुसऱ्या बाजूला, जिथं तारीख असायची तिथं, कानशीनं घासलेला गुळगुळीत खोलगट भाग. आर्विलानं त्याला टेकलाची सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे माझ्या बाबांचा चाकू खरा," तो शेवटी म्हणाला.

"खरा. खोटी मीच निघाले."

"खोटी नव्हे गं," एमेट म्हणाला. "घाईची." आणि मग, "तुला हे सगळ्यांसमोर सांगावं लागेल, आर्विला."

तिला ते डोक्यावर हात फिरवल्यासारखं वाटलं, आपलं नाव.

पहिल्या गुरुवारी चर्चच्या तळघरात ती उभी राहिली. काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: पंधरा तारीख, गुस्ताफचं अक्षर, घासलेला चाकू, आणि स्वतःची चूक. "डॉक्टर, मी चारचौघांत तुम्हाला फसलेले म्हटलं आणि माझ्या नवऱ्याला फसवणारा. दोन्ही खोटं होतं. तो चाकू खरा आहेच, वर चुकलेला आहे. असा दुसरा मला तरी माहीत नाही."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "म्हणजे आता त्याला जास्तच भाव!" तेव्हा मात्र सगळे हसले.

डॉक्टर प्रुइट हसले नाहीत. ते खुर्चीतून पुढं झुकले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "एमेट, तुझ्याकडे आहे तो चाकू?"

"खिशात आहे."

"आणि माझ्याकडे तो कुत्रा आहे." डॉक्टर म्हणाले. "रडतो रे तो. महिनाभर रडतोय. दवाखान्यात आणला तर रोगी म्हणतात, आत कुणाचा दात उपटताय? आमच्या हिच्या, लोरेनच्या, नव्या गादीचं त्यानं काय केलं ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नाही. ती म्हणते, या घरात तो राहील किंवा मी, आणि तो तर जागचा हलत नाही."

एमेटनं चाकू काढून त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी सवयीनं खिशातला आरसा काढला, पातं उघडलं आणि दचकले.

"दगडावर घासलास?"

"घासला."

"सफरचंदाचा वास येतोय."

"सोललीही. चाकू आहे तो, हार्लन. दात नव्हे."

डॉक्टरांनी एक लांब उसासा सोडला, चाकू रुमालात गुंडाळला, आणि म्हणाले, "चला, गाडीत बसा. कुत्रा आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

मेजर घरात शिरला, सोफ्यावर चढला आणि तीन प्रदक्षिणा घालून आडवा झाला. आर्विलानं त्याला उतरवलं नाही. पुढं एकदा शेजारणीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सोफा जुनाच होता."

त्या शरद ऋतूत मंडळानं आर्विलाला चिटणीस केलं. सूचना डॉक्टर प्रुइटांनीच मांडली. अट एकच घातली, की कुठल्याही चाकूला खोटा म्हणण्याआधी बाईंनी तो निदान पाच मिनिटं हातात धरावा. तिनं ती अट आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली.

आणि ऑक्टोबरातल्या छोट्या प्रदर्शनाला ती टेकला ब्रास्कला गाडीत घालून घेऊन आली. पायावर घोंगडी टाकून तिला टेबलाशी बसवलं. पहिल्यांदा कुणी फिरकेना. मग एकानं गमतीनं आपला क्रॉनहोम तिच्या हातात दिला. तिनं तो उघडला, कानाशी धरला, मिटला. खट्.

"हा लार्सकाकाच्या हातचा," ती म्हणाली. "तो स्प्रिंग घट्ट बसवायचा. बायकोवरचा राग."

अर्ध्या तासात तिच्यापुढं रांग लागली. मोठमोठी माणसं, टाय लावलेली, हातात चाकू घेऊन शाळकरी पोरांसारखी उभी. डॉक्टर प्रुइटही रांगेत होते. त्यांनी आपला दुसरा आवडता चाकू पुढं केला. खट् असा आवाज यायचा तिथं जरा घरघरल्यासारखा आला.

टेकलानं मान हलवली. "हा सोमवारी केलेला. सोमवारी निम्मा कारखाना रविवारच्या दारूतून उठलेला नसायचा." तिनं चाकू परत दिला आणि आर्विलाकडे वळून म्हणाली, "टपालवाले, कॉफी आण. आणि या वेळी पाव पातळ काप."

आर्विला उठली आणि कोपऱ्यातल्या कॉफीच्या भांड्याकडे गेली. रांग अजून दारापर्यंत होती, आणि एमेट रांगेच्या शेवटी, आपला अपंगांचा डबा बगलेत घेऊन उभा होता.